मूळपुरुषाच्या पेटीत अप्पांचा चौका

पुण्याहून निघाले तेव्हा माझ्याकडे एक पिशवी, दोऱ्याचं रीळ, मोजपट्टी आणि जेवायच्या पाटाएवढा ड्रॉइंग बोर्ड होता. एस.टी.त तो बोर्ड कुठेच मावेना, म्हणून मी तो मांडीवर उभा धरला आणि त्याच्या आडोशाला बसले. अनोळखी माणसांशी बोलायला मला फार वेळ लागतो, त्यामुळे ही व्यवस्था मला आवडली होती. पण नगर मागे पडल्यावर शेजारच्या आजींनी बोर्डावर टकटक केलं.

"आत कोन हाय?"

"मी आहे," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय," असं म्हणून त्यांनी बोर्डाच्या वरून मला एक पेरू दिला.

मी पुरातत्त्व शिकत होते. नेकनूरच्या पुढे एका गावात विहिरीचं खोदकाम चालू असताना भाजलेल्या मातीची, चार पायांची, दगडी झाकणाची पेटी सापडली होती. गावाचं नाव मी देत नाही, तसा शब्द मी तिथल्या सरपंचांना दिला आहे. जिल्ह्याच्या एका वर्तमानपत्रात फोटो आला होता. सरपंच पेटीच्या झाकणावर एक पाय ठेवून उभे, आणि खाली मजकूर: पेटीत आमच्याच घराण्याचा मूळपुरुष असल्याचा सरपंचांचा दावा. आमच्या सरांनी तो फोटो भिंगातून बघितला, सरपंचांना फोन करून पेटीला कुणी हात लावू नका असं बजावलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुस्तकांचं खोकं उचलताना त्यांची पाठ धरली. म्हणून मला एकटीला पाठवलं. "मोजमाप घे, चित्र काढ, आणि मत देऊ नकोस," त्यांनी आडवं पडूनच सांगितलं. मी आयुष्यात कधी कुणाला मत दिलं नव्हतं. मी आनंदाने निघाले.

बीडच्या स्थानकावर चहा घेतला. तो इतका गोड होता की चमचा उभा राहिला असता. तिथून नेकनूरची गाडी आणि पुढे जीप. थंडीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली, मधूनच हुरडा भाजल्याचा धूर. जीपमध्ये ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलासुद्धा एक माणूस बसला होता. स्टिअरिंग नक्की कोणाच्या हातात आहे हे मी बघायचं टाळलं.

गावाच्या तोंडाशी ताज्या ऑइलपेंटने रंगवलेली पाटी होती: 'मूळपुरुष स्मारक, नियोजित जागा'. पाटीच्या मागे उकिरडा होता. शेजारच्या दोन घरांवर केबलच्या तबकड्या होत्या आणि एका तबकडीत कोंबडी बसली होती.

मला 'अप्पांच्या दुकानात उतरा' असं कळवलं होतं. अप्पा हे गावातले किराणा व्यापारी, लिंगायत वाणी. दुकानाच्या एका कोपऱ्यात काचेचं खोपटं करून त्यांनी नवीन एस.टी.डी. बूथ टाकला होता. स्वतः अप्पा गादीवर बसले होते. गृहस्थ चांगले रुंद, पोट ऐसपैस, पण चेहरा असा की दुकानच बुडालं असावं.

"सर कुठंयत?" त्यांनी विचारलं.

"नाही आले. पाठ धरली."

"मंग तुमी कोन?"

"मी चित्र काढते."

अप्पांनी डोळे मिटले. "काल दुपारपासून मी उपाशी बसलोय," ते आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "अन् पुण्यानं पेंटर धाडली."

आतून त्यांच्या सूनबाई, सुमनवैनी, पाणी घेऊन आल्या आणि काय झालं ते त्यांनी मला सांगितलं. अप्पांच्या गळ्यात चौका असतो, म्हणजे इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी. दीक्षा झाल्यापासून ती कधी अंगावेगळी झालेली नाही, आणि लिंग अंगावर नसेल तर अप्पा अन्न घेत नाहीत, पाणीसुद्धा नाही. काल अप्पा ती पेटी बघायला सरपंचांच्या वावरात (शेतात) गेले. झाकणाचा एक कोपरा कुदळीने फुटलेला, नारळ जाईल एवढं भोक. अप्पा आत बघायला वाकले, पोटाच्या ताणाने गळ्यातला जुना दोरा तुटला, आणि चौका आत गेला. खण्ण असा आवाज सगळ्यांनी ऐकला. बांधापलीकडच्या लोकांनी तो ऐकून आत सोनं आहे असं ठरवलं.

"मग काढला का नाही?" मी विचारलं.

"हात पुरंना. तारेचा आकडा करून आणला, तर सरपंच झाकनावर बसले. म्हनले, पुण्याचे सर आल्याबगर हात लावायचा न्हाई, सायबाचा हुकूम हाय. तवापासून बसलेतच."

"दुसरं लिंग घेता येत नाही का? दीक्षा देणाऱ्या स्वामींकडून?"

हे मी फार हळू विचारलं, पण अप्पांनी ऐकलं. "इचारलं मी स्वामींना. ते म्हनले, हरवलं असंल तर नवं देतो. मी म्हनलं, हरवलं न्हाई, कुठंय ते सगळ्या गावाला ठाऊक हाय. तर म्हनले, मंग जाऊन आन." अप्पांनी मोकळ्या गळ्यावरून हात फिरवला. "बराबर हाय त्यांचं. तकलीफ माझी हाय."

मी लगेच निघते म्हटलं. अप्पांनी हात वर केला. प्रवासातून आलेला पाहुणा न जेवता त्यांच्या उंबऱ्यातून परत जाणं शक्य नव्हतं. आणि अप्पा जेवल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नव्हतं. म्हणून मी एकटी जेवायला बसले, समोर पाटावर अप्पा, आणि दारात सुमनवैनी.

ताटात ज्वारीची भाकरी, कारळाची चटणी, वरण, आणि शेंगापोळी (शेंगदाणे आणि गूळ भरलेली पोळी). मी पहिला घास घेतला.

"कशी झालीय?" अप्पांनी विचारलं.

"छान."

"छान तर साबनबी असतो. नीट सांगा. गूळ आदी लागतो का शेंगा?"

मी विचार केला. "आधी गूळ. मग शेंगा."

"कडा?"

"कुरकुरीत आहेत."

"अन् मधी?"

"मऊ. तूप आत उतरलंय."

अप्पा ताडकन उठले, ओसरीच्या कडेला जाऊन थुंकून आले आणि पुन्हा पाटावर बसले. लिंगावाचून तोंडाला सुटलेलं पाणीही गिळायचं नसतं, असं वैनींनी मला हळूच सांगितलं. "दुसरी वाढ गं बाईला," अप्पा म्हणाले. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. माझ्या घरी जेवताना मी दोन वाक्यंही बोलत नाही. त्या दिवशी मी कारळाच्या चटणीतल्या लसणावर बोलले, भाकरीच्या पापुद्र्यावर बोलले, तिसऱ्या पोळीच्या वेळी तर हातवारेही केले. शाळेत एकदा वक्तृत्व स्पर्धेत मी नुसतीच उभी राहून खाली आले होते. तेव्हा समोर अप्पा हवे होते.

जेवणानंतर मी बूथमधून सरांना फोन लावला. बूथचं दार नीट लागत नव्हतं आणि बाहेर साखर घ्यायला आलेली बरीच मंडळी साखर न घेता उभी होती. सरांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. मी डबीचं सांगितलं. ते म्हणाले, झाकण सैल असेल तर जपून उचल, आतल्या मातीला हात लावू नकोस, आणि आधी सगळं जसं आहे तसं काढून घे. चित्र पूर्ण होईपर्यंत आतली काडीसुद्धा हलता कामा नये.

"काय म्हनले?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"उचला म्हणाले," मी म्हटलं. काडीचं तेवढं मी नंतर सांगायचं ठरवलं.

सरपंच खरंच झाकणावर बसले होते. उंच, पांढरेशुभ्र कपडे, बाजूला पाण्याचा तांब्या. त्यांच्याजवळ त्यांची पत्नी डोक्यावर पदर घेऊन उभी होती. त्यांना सगळं गाव काकी म्हणत होतं.

"सरांनी उघडायला सांगितलंय," मी म्हटलं.

सरपंच उठले नाहीत. "उघडायचं ते ठीक हाय बाई," ते म्हणाले. "पर आत मानूस निघाला तर?"

तेव्हा कुठे काकींकडून मला खरी अडचण कळली. दोन दिवसांनी त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. व्याही तलवाड्याचे, मोठी माणसं, फार सोवळ्याची. आत सांगाडा निघाला तर तो सरपंचांचा मूळपुरुष, हे त्यांनी स्वतःच पेपरात छापून आणलेलं. घरातला माणूस गेला म्हणजे सुतक. सुतकात साखरपुडा कसा करणार?

"पण तो गेला त्याला हजारो वर्षं झाली असतील," मी म्हटलं.

"सुतक मेल्यापासून नसतंय, कळल्यापासून असतंय," काकी म्हणाल्या. "अन् वरीस उलटून कळलं तर नुसती अंगोळ पुरती. मी काल रातीपासून सांगतेय, अंगोळ करा अन् मोकळे व्हा."

"ते बाहेरगावी मेलेल्याला," सरपंच म्हणाले. "ह्यो आपल्याच वावरात हाय. तोंड बघितलं की लागलं."

"आवो, आपल्यात जाळत्यात! मंग ह्याला पेटीत कोन घातला?"

"मोठ्या मानसाला जाळत नसतील पूर्वी."

"तुमाला तर मंग पेटीच करावी लागंल," काकी म्हणाल्या. जमलेल्या लोकांत कुणीतरी हसलं आणि सरपंचांनी कोण ते बघायला मान वळवली. तोवर सगळे गंभीर झाले होते.

अप्पा बांधावरून सावकाश चालत आले होते. दोन्ही हात त्यांनी पोटावर ठेवले होते, जसं आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात. "सरपंच," ते म्हणाले, "आत जो कोन निघंल तो माझा. आमच्यात सुतक नसतंय. आमच्यात मरन म्हंजे शिवाला मिळनं, त्यात इटाळ कसला? तुमी फकस्त उठा."

तोडगा इतका सोपा होता की मला आनंदाने टाळी वाजवावीशी वाटली. पण सरपंच अप्पांकडे असे बघत राहिले की जणू त्यांनी विहीरच मागितली. "पेपरात आलंय अप्पा," ते म्हणाले. "फोटूसकट. पाटी रंगवलीय. आन् आता तुमाला देऊन टाकू? कावून (का)?"

"कारन मी भुकेनं मरलो तर ताजं सुतक येईल गावात!"

"तुमचं आमाला कावून लागंल?"

"मंग ह्याचं कावून लागतंय?"

काकी पुढे झाल्या. "पोरगी रडतीय घरी," त्या एवढंच म्हणाल्या, आणि तांब्या उचलून चालू लागल्या. सरपंच बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. न्याय करू. तुमच्यात बसवून पुरत्यात. आत बसलेला असंल तर तुमचा. आडवा असंल तर आमचा."

"आन् आडवा असंल तर साखरपुडा?" काकी तिथूनच ओरडल्या.

मी बोर्डामागून पेटीकडे बघत होते. पेटी उंचीला माझ्या कमरेइतकी होती, पण लांबीला फार तर पाळण्याएवढी. मत देऊ नकोस, असं सरांनी सांगितलं होतं. पण लांबी हे मत नाही, असं मी मनाशी ठरवलं.

"आडवा मावणार नाही," मी म्हटलं.

सगळी माणसं माझ्याकडे वळली. मला बोर्ड आणखी वर धरावासा वाटला. "पेटी आखूड आहे," मी म्हटलं. "मोठा माणूस आत आडवा झोपूच शकत नाही."

सरपंचांनी बसल्या जागी खाली वाकून पेटी बघितली, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. मग ते उठले.

चौघांनी पहार घालून झाकण बाजूला घेतलं. सगळे धावले, आणि ज्यांनी सुतकाच्या भीतीने डोळे मिटले होते तेही फटीतून बघत होते. पेटी अर्ध्यापर्यंत मऊ मातीने भरलेली होती. एका कोपऱ्यात दोनतीन मडकी, बुडाला काळी. मधोमध माणूस. पाय दुमडलेले, गुडघे दोन्हीकडे, पाठ पेटीच्या भिंतीला टेकलेली, डोकं मात्र कधीकाळी खांद्यावरून घसरून बाजूला झालेलं. हाताची हाडं मांडीवर आली होती. आणि त्या हाडांच्या मधोमध, नुकताच कुणी आणून ठेवावा तसा, अप्पांचा चौका.

अप्पांनी दोन्ही हात जोडले. "लिंग हातात घेऊन बसलाय!"

"अप्पा, ते तुमचं हाय!" सरपंच म्हणाले.

"माझं का असंना, घेतलंय तर हातात!"

"वरून पडलंय ते!"

"कुठं पडायचं ते त्याला कळलं की!"

सरपंच माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. "बाई, तुमी पुण्याच्या हाव. तुमी सांगा. बसलाय का न्हाई?"

माझ्या पुढ्यात हजारो वर्षांची गोष्ट होती. हा माणूस लिंगायत असणं शक्य नाही, सरपंचांचा पूर्वज ठरवणंही शक्य नाही, त्या काळात या गावाला नावसुद्धा नसेल, हे सगळं मला बोलता आलं असतं. पण मला तेवढंच विचारलं होतं.

"बसलाय," मी म्हटलं.

"ऐकलं का!" काकी ओरडल्या. "पुण्याची बाई म्हनली, बसलाय!" आणि त्या घराकडे पळतच सुटल्या. सरपंचांनी एकदा मूळपुरुषाकडे, एकदा अप्पांकडे बघितलं आणि हात झटकले. "घ्या," ते म्हणाले. "तुमचाच. भांडीबी घासलेली न्हाईत तसंही."

अप्पा वाकले आणि त्यांनी हात आत घातला. आता मला काडीचं सांगावं लागलं. चित्र पूर्ण होईपर्यंत आतलं काहीही हलवायचं नाही.

अप्पांचा चेहरा मी विसरणार नाही. "माझं लिंगबी?"

"तेही," मी म्हटलं. इतक्या ठामपणे मी याआधी कुणाशी बोलले नव्हते, आणि नेमकी एका उपाशी म्हाताऱ्याशी बोलले.

मी दोरा ताणला, मोजपट्टी लावली आणि बसले. अप्पा माझ्या मागे उभे राहिले. "त्या बरगड्या कावून इतक्या बारीक काढताव?" "मडकं झालं की, सोडा ते!" "लई (फार) हुबेहूब झालंय, पुरे आता." मधूनच त्यांच्या पोटातून असा आवाज यायचा की सगळे पेटीकडे बघायचे. सरपंच मात्र आता एकदम मोकळे झाले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि लोकांना सांगू लागले की अप्पांचं घराणं फार जुनं आहे, हे त्यांना पहिल्यापासून वाटत होतंच.

शेवटची रेघ काढून मी पेन्सिल खाली ठेवली. अप्पांच्या लिंगाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नव्हता, म्हणून त्यांनीच आत वाकायचं, आणि मातीवर पाय पडू नये म्हणून सरपंचांनी त्यांना मागून धरायचं ठरलं. सरपंचांनी अप्पांच्या कमरेला मिठी मारली. अप्पा आत गेले, फक्त धोतर वर राहिलं. "सोडू नका!" आतून आवाज आला. "तुमी काय खाता अप्पा!" सरपंच दात चावून म्हणाले. "काल दुपारपासून काय बी न्हाई!" अप्पा आतून म्हणाले.

ते वर आले तेव्हा मुठीत चौका होता आणि मिशांना माती. त्यांनी डबी उघडून बघितली, मग कपाळाला लावली. तोवर सगळे हसत होते, आता कुणी हसलं नाही. सुमनवैनी नवीन दोरा, पाण्याच्या दोन कळशा आणि विभूती घेऊन आल्याच होत्या. अप्पांनी तिथेच बांधावर अंग धुतलं, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, विभूती लावली आणि डोळे मिटले. आम्ही सगळे लांब उभे राहिलो. पूजा झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा ओंजळभर पाणी प्यायलं, आणि मग कळशी.

घरी त्यांचं पान वाढलं. अप्पा जेवत होते आणि एक शब्दही बोलत नव्हते. समोर मलाही पुन्हा बसवलं होतं. माझी सोय म्हणजे या वेळी मला कुणी काही विचारत नव्हतं. बाहेर बूथमध्ये सरपंच तलवाड्याच्या व्याह्यांशी मोठमोठ्याने बोलत होते: "व्हय व्हय, पेपरवाल्यानं चुकीचं छापलं. आमचा काई संबंध न्हाई. बसलेला निघाला! पुण्याहून खास बाई आलत्या, त्यांनी बघून सांगितलं."

पेटीवर झाकण पुन्हा ठेवलं आणि सरांची पाठ सुधारेपर्यंत ती कुणी उघडायची नाही असं ठरलं. राखण करायचं काम अप्पांनी मागून घेतलं. माणूस आता त्यांचा होता. सकाळी मी निघाले तेव्हा पाटीवरचं 'मूळपुरुष' पुसायला सरपंचांनी माणूस लावला होता, आणि त्या जागी काय लिहायचं यावर अप्पांशी त्यांचा वाद सुरू झाला होता. जीप हलली तरी वाद ऐकू येत होता.

पुण्यात सरांनी चित्र भिंगाखाली धरलं. बरगड्यांवर खूश झाले, मडक्यांवर खूश झाले, आणि मग भिंग मांडीपाशी थांबलं. "ही वस्तू?"

"ती अप्पांची," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणालात, जसं आहे तसं काढ."

सरांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी मला खोडरबर दिला.

परत आल्यापासून लोक विचारतात की तो माणूस खरा कोण होता. मला माहीत नाही, आणि मत द्यायचं नाही असं मला सांगितलेलं आहे. त्याला कुणीतरी नीट बसवला होता, जवळ मडकी ठेवली होती, एवढं मी डोळ्यांनी बघितलं. पुढे काय, ते त्याच्या माणसांना ठाऊक. त्या गावात मात्र दोन दिवस तो दोन घरांचा झाला, आणि दोघांपैकी कुणीही त्याला सहज सोडला नाही. हजारो वर्षांनी एवढंही पुष्कळ असावं.

चौका मी खोडला. पण हात तसेच राहिले, मांडीवर, तळवे वर केलेले. आता चित्र बघताना वाटतं, माणूस पानावर बसलाय आणि वाढायला अजून कुणी आलेलं नाही.